हातातून निसटलेली चिठ्ठी

आमच्या घराचा नंबर मी काढला. घर बाबांच्या नावावर होतं, सही त्यांची लागत होती आणि चिठ्ठीही त्यांनीच उचलायची होती. पण नाव पुकारल्यावर ते खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. "तू जा गो," म्हणाले. "माझो हात जड आसा." एरवी बाबा आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायचे. फार आनंद झाला किंवा भीती वाटली की मालवणी बाहेर यायची.

घाटकोपरच्या टेकडीवर आमची वस्ती होती. ती पाडून पायथ्याशी उंच इमारत बांधायचं ठरलं, आम्हाला तीन वर्षं पत्र्याच्या संक्रमण शिबिरात ठेवलं आणि शेवटी एकदाचा सोडतीचा दिवस आला. आई तोपर्यंत राहिली नव्हती. मी आणि बाबा, दोघंच. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते, स्टेशनजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात कामाला होते. लग्न झालेलं नव्हतं. ते का, ही वेगळी गोष्ट आहे आणि फारशी सांगण्यासारखीही नाही.

सोडत पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये होती. स्टेजवर एक पारदर्शक ड्रम ठेवला होता, मंडळाच्या लकी ड्रॉला असतो तसा, बाजूला दांडा असलेला. आत ढीगभर चिठ्ठ्या, प्रत्येकीला चार घड्या. प्रत्येक चिठ्ठीवर एका घराचा नंबर. ज्यांना चालता येत नव्हतं अशांना खालच्या मजल्यांवरची काही घरं आधीच देऊन टाकली होती. बाबांना तेव्हा काही झालं नव्हतं. उलट टेकडीच्या पायऱ्या ते दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढायचे आणि वर पोचून माझी वाट बघत उभे राहायचे.

मी स्टेजवर गेले. ड्रमच्या तोंडातून हात आत घातला. दोन बोटांत एक चिठ्ठी आली. हात बाहेर काढताना घड्याळाचा पट्टा तोंडाच्या कडेला अडकला, बोटं सैल पडली आणि चिठ्ठी आत पडली. वही घेऊन बसलेला माणूस म्हणाला, "असू दे ताई, दुसरी घ्या." मी परत हात घातला. या वेळी वरची न घेता खालून कुठूनतरी एक ओढली. तसं का केलं, मला आजही सांगता येत नाही. लोक बघत होते, मला घाई झाली होती, एवढंच आठवतं.

सोळाशे चार. सोळावा मजला.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी खाली उतरत होते तेव्हा पुढचं नाव पुकारलं गेलं. यादी जुन्या घरनंबरांप्रमाणे होती, त्यामुळे आमच्यानंतर आमच्या शेजारच्या मावशी. त्या हळूहळू पायऱ्या चढल्या, हात घातला आणि लगेच बाहेर काढला. दोनशे तीन. दुसरा मजला.

मावशी म्हणजे नात्यातली कोणी नाही. त्या जालन्याकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या. लग्न होऊन थेट आमच्या शेजारच्या खोलीत आल्या होत्या. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. मी अकरा वर्षांची असताना श्रावणातल्या एका दुपारी टेकडीवरून एक मोठा धोंडा सुटला. वाटेतली चार घरं चुकवून तो मावशींच्या घरावर आला. त्यांचा नवरा रात्रपाळी करून आत झोपला होता. मावशी कडेवर मुलगा घेऊन नळावर गेल्या होत्या. बाबा आणि वस्तीतले इतर लोक हातांनी पत्रे उचलत होते, माती उपसत होते. आईने मला ओढून आत नेलं, पण आमची सामाईक भिंतही फुटलेली होती आणि त्या भेगेतून मला सगळं दिसत होतं.

तो धोंडा पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिला, त्याला लागूनच मावशींनी खोली परत उभी केली. हलवणार कोण? लोक त्यावर गोधड्या वाळत घालायचे. धोंडा त्याच घरावर का आला, याची कारणं मात्र पुष्कळ निघाली. कोणी म्हणे त्यांनी मागचं झाड तोडलं होतं, कोणी म्हणे दाराची दिशाच चुकीची होती. बाबा असं बोलणं ऐकलं की उठून जायचे. एकदा मात्र चिडून म्हणाले, "धोंड्याक काय ठाऊक कोण खंय रवता?"

तेव्हापासून मावशी बाबांना भाऊ म्हणायच्या.

सोळाव्या मजल्यावरचं पहिलं वर्ष चांगलं गेलं, हे कबूल करायला हवं. पत्र्याखाली राहिलेल्या माणसाला एवढी हवा म्हणजे काय ते विचारू नका. पूर्वेच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ, हायवे, त्यापलीकडे मिठागरं आणि खाडीची चकाकती पट्टी दिसायची. वारा फिरला की कांजूरच्या कचऱ्याचा वास यायचा, पण तो काय खालीही यायचाच. बाबा सकाळी उठून खिडकीत उभे राहायचे आणि मला हाक मारायचे, "ये गं, खाडीला भरती आली बघ." मग चहा घेऊन लिफ्टने खाली. मंडळाच्या खोलीबाहेर वर्तमानपत्रं लावलेली असायची. तिथे पाच-सहा जण जमायचे, सगळे टेकडीवरचे जुने. अकरा वाजेपर्यंत बाबा वर यायचे नाहीत.

मग त्यांना दम लागायला लागला. आयुष्यभर ते रंगाच्या कारखान्यात फवारणीवर होते. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं गेली आहेत, औषधाने एवढंच होईल की आहे ते टिकेल. आणि जिने अजिबात नकोत. आम्ही हसलो. लिफ्ट आहे की, म्हटलं.

इमारतीला दोन लिफ्ट होत्या. एक बांधकामाचं सामान वाहून वाहून आधीच खिळखिळी झालेली. ती कधी नीट सुरूच झाली नाही. दुसरी, आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आल्याच्या पुढच्या महिन्यात बंद पडली. बिल्डर म्हणायचा, इमारत सोसायटीच्या ताब्यात दिली, आता तुम्ही बघा. सोसायटी म्हणायची, ताबा कागदावर दिला, लिफ्ट तुमची. ती दोन दिवस चालायची आणि आठ दिवस बंद. नंतर एकदा सलग तीन महिने बंद राहिली.

ते तीन महिने बाबा खाली उतरले नाहीत.

सुरुवातीला खालचे मित्र वर यायचे. एक-दोनदा आले, धापा टाकत, सोफ्यावर बसून घाम पुसत राहिले. बोलायला दम उरायचाच नाही. तेही सत्तरीतले होते. मग फोन यायला लागले. मग तेही कमी झाले, कारण रोज फोनवर बोलायचं काय? बाबा खिडकीत खुर्ची टाकून बसायचे. एवढ्या वरून माणसांची फक्त डोकी दिसतात. कोणाची चाल कशी, कोणाची टोपी कुठली, यावरून ते ओळखायचे. एकदा मी दुकानातून लवकर आले तर ते खिडकीच्या गजांना धरून खाली हाका मारत होते. एकच नाव, परत परत. खाली कोणी मान वर केली नाही. मी आल्याचं कळल्यावर ते वळले आणि म्हणाले, "पंखा चालू होता वाटतं, मी बंद करायला उठलो." पंख्याचं बटण दुसऱ्या भिंतीवर होतं.

खिडकीबाहेरच्या सिमेंटच्या पट्टीला एक भेग होती. त्यात टोमॅटोचं रोप उगवलं. सोळाव्या मजल्यावर ते कसं आलं, कुठल्या पाखराने कुठलं बी टाकलं, कोण सांगणार? बाबा त्याला पेल्याने पाणी घालायचे. मला म्हणाले, "एवढ्या खाडीत, एवढ्या रस्त्यावर पडलं असतं. पडलं ते इथे, बोटभर मातीत. आता बिचाऱ्याला इथेच वाढायला पाहिजे." रोपाला फुलं आली, फळ धरलं नाही. एका दुपारी वाऱ्याने ते मोडलं.

मी सकाळी जिने उतरायचे, संध्याकाळी चढायचे. सातव्या मजल्यावर कोणीतरी एक मोडकी खुर्ची ठेवली होती, तिथे सगळेच बसायचे. त्या खुर्चीवर मला इमारतीतली निम्मी माणसं पहिल्यांदा भेटली. दूध, औषधं, भाजी, सगळं माझ्याबरोबर चढायचं. काही विसरलं तर विसरलं. दुपारी दुकानातून फोन करायचे, "जेवलात? श्वासाचा पंप घेतलात?" आणि त्यांनी उचलायला उशीर केला की गिऱ्हाईक समोर असलं तरी मी परत लावायचे. त्याच सुमारास शेठनी बोरिवलीला नवीन दुकान काढलं. मला म्हणाले, "तू सांभाळ. पूर्ण दुकान तुझ्या हातात." चौदा वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते. मी विचार करते म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी नाही सांगितलं. बोरिवलीहून घाटकोपरला यायला दोन तास. बाबांना दुपारी काही झालं तर मी कुठे असेन?

आणि रोज, जाताना आणि येताना, दुसरा मजला लागायचा.

मावशींचं दार उघडंच असायचं. जुन्या वस्तीची सवय. त्यांचा मुलगा एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता, सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. मावशी मला बघून हाक मारायच्या, "पोरी, चहा घे, मग चढ." मी बसायचे. ते घर खरं तर अंधारं होतं. खिडकीसमोर कंपाउंडची भिंत, भिंतीला लागून उभ्या रिक्षा, दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागायची. मोरीच्या पाइपचा वास यायचा. पण तिथून रस्ता चाळीस पायऱ्यांवर होता. मी मनातल्या मनात मोजलं होतं. बाबा थांबत थांबत चाळीस पायऱ्या उतरले असते.

चहा पिताना मी विचारायचे नाही. रोज ठरवून बसायचे आणि रोज कप ठेवून उठायचे. ती निसटलेली चिठ्ठी वरच पडली होती. मी स्वतः पाहिली होती ती पडताना. आणि मावशींनी हात घातला, लगेच काढला. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती, बाबांनाही नाही. एका संध्याकाळी मी जिना चढून एका दारापुढे उभी राहिले, पर्समधून किल्ली काढली आणि कुलूप शोधायला लागले. दार उघडं होतं. आत मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "दमलीस गं," म्हणाल्या. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं असावं.

तीन महिन्यांनी लिफ्ट सुरू झाली. मी ताबडतोब डॉक्टरांची वेळ घेतली. सुट्टी टाकली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं, जणू कोणाच्या लग्नाला निघालेत. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. बाबा आकडे मोठ्याने वाचत होते, पंधरा, चौदा, तेरा, आणि नववा गेल्यावर एक हिसका बसला. दिवा गेला. पंखा गेला.

मी घंटा दाबली, वाजली नाही. फोनला रेंज नव्हती. दारावर थापा मारल्या, ओरडले. वरून कोणीतरी "आलो आलो" म्हणालं आणि मग कितीतरी वेळ कोणीच आलं नाही. मी फोनचा दिवा लावला. बाबा भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकत होते.

"बसा, बसा इथेच," मी म्हटलं. "पंप घ्या."

त्यांनी पंप घेतला. मीही खाली बसले. त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मला वाटलं, हे इथेच जातील, या पत्र्याच्या पेटीत, माझ्यासमोर, आणि माझ्यामुळे. मग माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. घड्याळाचा पट्टा, निसटलेली चिठ्ठी, दुसऱ्यांदा घातलेला हात, मावशी. सांगताना मी रडत होते. लहान मुलीसारखी.

बाबा ऐकत होते. बोलायला त्यांना एकेक श्वास जमवावा लागत होता.

"मग?" ते म्हणाले.

"मग काय? तीच चिठ्ठी होती बाबा. दुसऱ्या मजल्याची. माझ्या हातात होती."

"तुला काय माहीत?"

"मावशींनी लगेच..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पुन्हा थोडा वेळ शिट्टीचा आवाज. मग म्हणाले, "मी का नाही गेलो स्टेजवर? ठाऊक आहे?"

"तुम्ही म्हणालात, हात जड आहे."

"पायाला मुंग्या आल्या होत्या." ते हसायला लागले आणि हसता हसता खोकायला लागले. "दोन तास त्या फोल्डिंगच्या खुर्चीवर बसवलं होतं. उठलो तर डावा पायच लागेना. पडलो असतो सगळ्यांसमोर. म्हणून म्हटलं, तू जा."

मी फोनचा दिवा त्यांच्या तोंडावर धरला.

"माझ्या पायाला मुंग्या आल्या, तुझा पट्टा अडकला," ते म्हणाले. "आता तू कोणावर रागावणार? खुर्चीवर?" आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, "रडतंस कित्याक? गप रव. माका बोलूक लावू नको."

मला हलकं वाटलं का? नाही. खरं सांगायचं तर थोडा रागच आला. मी तीन वर्षं जे ओझं वाहिलं, त्याचं या माणसाने हसं केलं. पण त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि तो थंड पडला होता, म्हणून मी तो दोन्ही हातांत धरून चोळत राहिले.

दीड तासाने दार फाकवलं गेलं. वॉचमन आणि गॅरेजमधून बोलावून आणलेला मावशींचा मुलगा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आठव्या मजल्याची फरशी आमच्या पायांखाली कमरेएवढी खोल होती. बाबांना दोघांनी काखेत धरून बाहेर उतरवलं. आता पुढे काय, हे कोणालाच सुचेना. वर आठ मजले, खाली आठ मजले. बाबा जिन्यावर बसून होते, ओठ निळसर पडले होते.

काही महिन्यांपूर्वी चौदाव्या मजल्यावरच्या एका आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं होतं. त्या वाटेतच गेल्या होत्या. तेव्हा बाबा मला म्हणाले होते, मला असं खुर्चीतून नेऊ नका. आता त्यांनीच मावशींच्या मुलाला खूण केली. सातव्या मजल्यावरच्या त्या मोडक्या खुर्चीला दोरी बांधली, बाबांना बसवलं आणि चार जणांनी पायरी पायरी करत उतरवलं. मी पुढे चालत होते, उलटी, त्यांच्याकडे तोंड करून. दुसऱ्या मजल्यावर मावशी दारात उभ्याच होत्या. "आत घ्या," म्हणाल्या. "रस्त्यापर्यंत कशाला? डॉक्टरलाच इथे बोलवा."

डॉक्टर आले. इंजेक्शन दिलं, ऑक्सिजनची नळी लावली. आठ दिवस हलवू नका म्हणाले. लिफ्ट तर बंदच होती.

बाबा मावशींच्या कॉटवर राहिले. तिसऱ्या दिवशी ते उशीला टेकून बसायला लागले. मंडळाच्या खोलीतले म्हातारे एकेक करून यायला लागले. चाळीस पायऱ्यांना कोणाची हरकत नव्हती. आत दहा बाय दहाच्या खोलीत चार चार माणसं बसून निवडणुकीवर भांडायची. बाबांचा आवाज मला जिन्यात ऐकू यायचा. मी डबा द्यायचे आणि वर जायचे. वर घर रिकामं होतं. पहिल्या दिवशी मी संध्याकाळी सातला झोपले ती सकाळी सातला उठले, आणि उठल्यावर इतकं बरं वाटलं की मला स्वतःची लाज वाटली.

आठव्या दिवशी मी विचारलं. बाबा झोपले होते. मावशी ओट्यापाशी भाकऱ्या थापत होत्या.

"मावशी, एक विचारू?"

"घर ना?" त्या म्हणाल्या. मागे वळल्याही नाहीत.

मी हातातला डबा ओट्यावर ठेवला.

"विकायला बंदी आहे, पण राहायला कोण अडवतंय? तू खाली, मी वर. हेच ना? मला ठाऊक होतं तू कधीतरी विचारणार." भाकरी तव्यावर टाकून त्यांनी हात पुसले. "न्हाई पोरी. न्हाई देणार."

"बाबांसाठी, मावशी."

"भाऊसाठी मी काय पण करीन. त्यांनी माझ्या माणसाला मातीतून काढलं. पण घर न्हाई. मला वरून खाली बघवत न्हाई. टेकडीवर होते तेव्हा पण मी खाली बघत नव्हते. आणि..." त्या थांबल्या. "जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी चांगलं लागलंय. राग येऊ दे तुला."

मला राग आलाच. रागाच्या भरात मी ते बोलून गेले. चिठ्ठी माझी होती, हातातून पडली, वरच होती, तुम्ही वरचीच उचललीत.

मावशींनी तवा खाली उतरवला. "व्हय," म्हणाल्या. "वरचीच उचलली. हात आत घालायची भीती वाटत होती, म्हणून जी लागली ती."

म्हणजे खरंच. 

"पण मधे त्या माणसाने ड्रम फिरवला होता," त्या म्हणाल्या.

"नाही फिरवला."

"फिरवला गं. तू उतरत होतीस. तुझी पाठ होती."

"नाही, मावशी."

"बरं, नसेल." त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "समज, तुझीच होती. त्या दिवशी नळाला पाणी आलं नसतं तर मी पण आत असते आणि माझा पोरगा पण. पाणी आलं म्हणून आम्ही वाचलो. पाणी आलं म्हणून तो एकटा गेला. ते मी कोणाकडे मागायला जाऊ? सांग."

मी नजर वळवली. कॉटवर बाबांचे डोळे मिटलेले होते, पण शिट्टीचा आवाज थांबला होता. ते श्वास धरून ऐकत होते.

शेवटी व्यवस्था मावशींनीच लावली. दिवसा भाऊ इथे. लिफ्ट चालू असली तर संध्याकाळी वर. बंद असली तर रात्रीही इथेच, कितीही दिवस. "पण घर माझं," त्या दोनदा म्हणाल्या. दीड वर्षाच्या आसपास असं चाललं. कधी बाबा महिना महिना खालीच असायचे. माझे जिने काही सुटले नाहीत. बोरिवलीचं दुकान दुसऱ्या एका मुलीला मिळालं. ती माझ्यानंतर कामाला लागली होती, चांगली आहे, आजही अडलं तर मला फोन करून विचारते. रविवारी मी आणि मावशी एकत्र स्वयंपाक करायचो आणि त्या चिठ्ठीबद्दल आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मला वाटायचं, आता यांच्यावरचा राग गेला. मग एखाद्या संध्याकाळी अकराव्या-बाराव्या मजल्यावर पाय भरून यायचे आणि तो तिथे बसलेलाच असायचा.

बाबा गेले ते डिसेंबरात. साध्या सर्दीचं निमित्त झालं. त्या आठवड्यात लिफ्ट एकदाही बंद पडली नाही. रुग्णवाहिका वेळेवर आली, रस्ता मोकळा होता, बेडही मिळाला. सगळं जुळून आलं आणि तरीही ते गेले. शेवटी शुद्धीत असताना त्यांनी मला काही मोठं सांगितलं नाही. नळीचं प्लास्टर नाकाला टोचतं, एवढंच म्हणाले.

बाराव्याच्या दिवशी मावशी पहिल्यांदा सोळाव्या मजल्यावर आल्या. मुलाने लिफ्टमध्ये त्यांचा हात घट्ट धरून आणलं आणि तो कामाला गेला. त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या. पडदा लावायला सांगितला. मी लावला, तर वाऱ्याने तो उडतच राहिला. जेवण झाल्यावर त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "एवढी हवा येते होय इथे?"

"येते," मी म्हटलं.

जाताना त्यांना एकट्याने लिफ्टमध्ये बसवेना आणि माझ्याबरोबरही नको म्हणाल्या. आम्ही जिन्याने निघालो. त्या कठडा धरून, भिंतीकडे बघत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. प्रत्येक मजल्यावर थांबायचो. कोणी दारातून बघायचं, पाणी विचारायचं. नवव्यावर त्यांनी माझा दंड धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. खाली पोचायला आम्हाला पाऊण तास लागला. दारात त्या म्हणाल्या, "चहा टाकते." मी नको म्हटलं, घरी भांडी पडली होती.

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरच उभी होती, दार उघडं, आत दिवा चालू. मी आत गेले आणि सोळाचं बटण दाबलं.